सातवी चांदणी

लहू पेंटरच्या फोनमध्ये एकाच भिंतीचे बारा फोटो निघाले.

फोन आईनं दिला होता. नोव्हेंबरात नागपूरला बाबांचं सगळं आटोपलं आणि मैत्री अमेरिकेला परत निघाली, त्या दिवशी कांताबाईंनी तो रुमालात गुंडाळून तिच्या पर्समध्ये कोंबला. "मला तो उघडता येत नाही," त्या म्हणाल्या, "अन् उघडून तरी काय पाहू?" मॉरिसव्हिलच्या घरी तीन आठवडे तो रुमालासकट कपाटात पडून राहिला. मग एका रविवारी मैत्रीनं तो चार्जरला लावला. कुलपाचा आकडा तिला कुणाला विचारावा लागला नाही. १४०४. चौदा एप्रिल सोडून दुसरी तारीख बाबांना पाठ नव्हती. आईचा वाढदिवससुद्धा ते दरवर्षी आईलाच विचारत.

बहुतेक फोटो असायला हवेत तसेच होते. नातेवाइकांची लग्नं, विहारातले कार्यक्रम आणि दुकानांच्या पाट्या. पाट्यांचे तर शेकडो. लहू रामटेके यांनी चाळीस वर्षं नागपुरात पाट्या आणि भिंती रंगवल्या होत्या, आणि दुसऱ्या कुणाच्या पाटीत वाकडं अक्षर दिसलं की ते त्याचा फोटो काढून ठेवत, उद्या कोर्टात दाखवायचा असल्यासारखा. त्या पाट्यांच्या मधोमध ही भिंत होती. तारीख दोन वर्षांपूर्वीच्या मार्चची. तेव्हा बाबा अमेरिकेत आले होते. दोन महिने मैत्रीकडे आणि मधले आठ दिवस फिलाडेल्फियात धम्मदीपकडे, तिच्या धाकट्या भावाकडे.

भिंत लाल विटांच्या दुमजली इमारतीची होती. तिच्या डाव्या अंगाला खांबांची एक मोठी इमारत जळत होती आणि खाली १९१६ लिहिलं होतं. उजव्या अंगाला दहा तरुण चेहरे, केस वाढलेले, काही हसरे, आणि खाली १९८१. मधल्या पट्ट्यात गोलसर वळणाच्या आयरिश लिपीत चार ओळी होत्या. आणि सगळ्याच्या वर, छपरापर्यंत, एक निळा झेंडा.

मैत्रीला वाचायची सवय होती; तिचं दुःखही आधी लायब्ररीत जाई. आठवड्याभरात तिनं आयर्लंडच्या इतिहासाची तीन पुस्तकं आणून संपवली. १९१६च्या ईस्टरला इंग्रजांविरुद्ध उठाव झाला तेव्हा डब्लिनचं पोस्ट ऑफिस जळालं, ते हे. १९८१ साली तुरुंगात उपोषण करून एकामागून एक मेलेले दहाजण, ते हे. कुणी त्यांना हुतात्मे म्हणत होतं, कुणी गुन्हेगार, आणि चाळीस वर्षांनंतरही पुस्तकांची शीर्षकं एकमेकांशी भांडत होती. निळा झेंडा कामगारांच्या एका छोट्या सेनेच्या झेंड्यावरून आलेला होता. त्यावरच्या सात चांदण्या म्हणजे आभाळातला नांगर. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो तेच तारे.

हे सगळं कळलं, पण बाबा तिथं काय करत होते ते कळलं नाही. म्हणजे थोडं कळलं होतं, आणि तेच टोचत होतं. पहिल्या नऊ फोटोंत झेंडा नुसताच निळा होता. दहाव्यात दोन चांदण्या पांढऱ्या भरलेल्या दिसत होत्या. अकराव्यात आणि बाराव्यात सहा. सातवी नुसत्या बारीक पांढऱ्या रेघेनं आखलेली होती, आत निळं.

ती रेघ बाबांची होती. टोकाशी जराशी जाड होऊन एकदम संपणारी. हजार पाट्यांत मैत्रीनं ती ओळखली असती.

*

लहू पेंटर कुठलीही भिंत पुरी करत नसत. नागपुरातल्या इंदोऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावरून त्यांची टरही उडवली जायची. चौकातली जयंतीची भिंत वीस वर्षं त्यांच्याकडे होती. बाबासाहेबांचा निळा कोट, हातात पुस्तक, मागे संविधानाची पानं. दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला ते रंग उजळून काढत, आणि कोटाचं एक बटण आखून रिकामं ठेवत. पुढच्या वर्षी शिडीवर चढले की आधी ते जुनं बटण भरायचं, मग बाकीचं काम, आणि उतरताना दुसरं एखादं बटण रिकामं. "भिंत पुरी केली की ती पेंटरला विसरते," ते म्हणत. "थोडं बाकी ठेवलं की वर्षभर हाका मारते."

मैत्री तेव्हा खाली शिडी धरून उभी असायची. तेवढंच तिचं काम. वर काय चाललंय ते तिला दिसायचं नाही, फक्त बाबांच्या टाचा दिसायच्या आणि अधूनमधून निळा थेंब पडायचा. पुढे मंडळाच्या पोरांनी भिंतीवर फ्लेक्स लावला, छापील, चकचकीत. त्या वर्षीचं रिकामं बटण फ्लेक्सच्या मागे तसंच राहिलं.

म्हणजे सातव्या चांदणीचा उलगडा सोपा होता. बाबांनी सवयीनं ती बाकी ठेवली. यावर विश्वास ठेवून मैत्रीला फोन बंद करता आला असता.

पण तिनं त्या आठवड्यात बाबांना एक फोन केला होता.

धम्मदीपचा मेसेज आला होता: "ताई, बाबा रोज सकाळी वॉकला जातात आणि दुपारी हाताला रंग लावून येतात. विचारलं तर म्हणतात, ओळख झाली!" पुढे हसण्याची तीन चित्रं. मैत्रीला हसू आलं नव्हतं. तिच्या व्हिजाची मुदत वाढवायचे कागद त्याच महिन्यात वकिलाकडे होते आणि वकिलाचा साधा ईमेल आला तरी ती तो तीनदा वाचायची. तिनं ऑफिसच्या पार्किंगमधून व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर बाबांची हनुवटी, मागे विटा, आणि विटांच्या कडेला खूप खाली रस्ता.

"बाबा, तुम्ही शिडीवर आहात?"

"नाही न," बाबा शिडीवरून म्हणाले.

"बाबा, तुम्ही व्हिजिटर व्हिजावर आलाय. इथं काम करता येत नाही तुम्हाला."

"काम कुठं करून राहिलो? हात लावून पाहिला फक्त."

"कुणी फोटो काढून टाकला तर? मला विचारतील, धम्मदीपला विचारतील. एकदा रेकॉर्डवर आलं की संपलं. तुमच्या हौसेपायी आम्ही दोघं बॅगा भरून घरी जायचं का? आत्ताच्या आत्ता खाली उतरा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नव्हते. वेगळ्याच माणसाशी गाठ पडल्यासारखं पाहत होते.

"हो," ते म्हणाले. "उतरतो."

त्या आवाजात ती आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली होती. बाबा मॉरिसव्हिलला परत आले, भिंतीचं नावही काढलं नाही, आणि तिनंही नाही. पुढे व्हिजा मिळाला, वाईट वाटायचं मागे पडलं, बाबा नागपूरला गेले, आणि दीड वर्षानं एका सकाळी दाढी करता करता खुर्चीतच गेले.

तो फोन कुठल्या वेळी केला, हे तिला आठवत नव्हतं. तेव्हाचा तिचा मोबाइल कधीच बदलला होता, आणि बाबांच्या फोनमधली कॉलची यादी तेवढ्या मागे जात नव्हती. दोन चांदण्यांच्या फोटोआधी, की सहा चांदण्यांच्या फोटोनंतर? सातवी चांदणी बाबांनी ठेवली, की तिनं त्यांना ठेवायला लावली? त्यांनी नंतर कुठल्याच भिंतीला ब्रश लावला नव्हता. हे त्यांचं शेवटचं काम होतं, आणि ते त्यांनी आपणहून थांबवलं की घाबरून, एवढंच तिला हवं होतं. उत्तर कुठलंही चाललं असतं, असं ती स्वतःला सांगत होती. ते खरं नव्हतं.

आईला तिनं व्हिडिओ कॉलवर आडून विचारून पाहिलं.

"बाबांनी एखादी भिंत कधी अर्ध्यातच सोडली होती का, आई? म्हणजे मनाविरुद्ध?"

"तुझ्या बापानं पुरी केलेली एक वस्तू दाखव मला," कांताबाई म्हणाल्या आणि मोबाइल घेऊन स्वयंपाकघराकडे निघाल्या. "हे पाह्य. हे दार अठरा वर्षांपासून असंच आहे. खालची पट्टी कोरी. म्हणे, दार विसरत नाही मग. मी म्हटलं, दार नाही विसरत, पाहुणे विचारतात!" मग त्या थांबल्या. कॅमेरा दाराच्या कोऱ्या पट्टीवरच राहिला. "काहून विचारून राहिली?"

"असंच."

धम्मदीपला काही माहीत नव्हतं. "यार ताई, मी ऑफिसला असायचो. अजून भिंत आहे की नाही कुणाला माहीत. फोन करून विचार ना क्लबला." भिंत आयरिश लोकांच्या एका जुन्या क्लबची होती, एवढं फोटोतल्या दारावरून कळलं होतं. मैत्रीनं चार वेळा फोन लावला. चारही वेळा तो कुठल्यातरी रिकाम्या खोलीत वाजत राहिला.

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी सुट्टी टाकून ती गाडी घेऊन फिलाडेल्फियाला निघाली.

*

धम्मदीपच्या घरापासून क्लब दीड मैल होता. शनिवारी सकाळी गाडी तिथंच ठेवून मैत्री चालत गेली. बाबा चालत गेले होते, म्हणून. कपडे धुवायचं दुकान, टायरचं दुकान, एक चर्च, मग पुन्हा टायरचं दुकान. या रस्त्यावर बाबांना फोटो काढण्याजोग्या कितीतरी वाकड्या पाट्या होत्या.

कोपरा वळली आणि निळा दिसला.

फोटोत न कळलेली गोष्ट तिला लांबूनच कळली. हा निळा इथल्या दुकानातला नव्हता. किंचित काळसर, दाट, धुतलेल्या कपड्याला नीळ जास्त झाली की येतो तसा. हा जयंतीचा निळा होता. ती पावलं न मोजता चालत राहिली आणि मग थांबली, कारण तोवर तिला चांदण्या मोजता आल्या होत्या. सहा भरलेल्या होत्या आणि सातवी रिकामी.

बाकी सगळी भिंत नुकतीच उजळलेली होती. पोस्ट ऑफिसच्या ज्वाळा ताज्या, चेहऱ्यांच्या गालांवर नवा रंग. सातव्या चांदणीची बारीक रेघसुद्धा कुणीतरी नव्यानं ओढली होती, थोडी थरथरत, जुन्या रेघेवरून. आत मात्र कुणी हात लावला नव्हता.

"भिंत बघायची तर समोरच्या फुटपाथवरून बघ," आवाज आला. "इथून नुसत्या विटा दिसतात."

भिंतीलगत घडीच्या खुर्चीवर ऐंशीच्या आसपासचा एक म्हातारा बसला होता. डोक्याला चपटी टोपी, मांडीवर रंगाचा डबा, हातात ढवळायची काडी. शेजारी शिडी भिंतीला टेकवलेली, पण तिच्यावर कुणी नव्हतं. त्याचं इंग्रजी दाताखाली चघळून बाहेर आल्यासारखं होतं. दुसऱ्यांदा ऐकलं की समजे.

मैत्रीनं बाबांचा फोन त्याच्यापुढे धरला. पडद्यावर बाबांचाच एक फोटो होता, विहाराच्या पायरीवरचा.

म्हाताऱ्यानं काडी डब्यात सोडली. "लू," तो म्हणाला.

"लहू."

"तेच म्हटलं. लू. कुठे आहे हा माणूस? दोन ईस्टर गेले माझे, तिसरा आला."

तिनं सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. एक बस गेली. मग तो खुर्चीतून उठला, एक हात पाठीला लावून. "मी डर्मट. तू बस. चहा आणतो. चहाशिवाय असलं काही बोलता येत नाही मला."

चहा दूध घातलेला होता आणि बाबांच्या चहाइतकाच कडक. मैत्रीला आश्चर्य वाटलं. डर्मटला आश्चर्य वाटलं ते तिनं तो पूर्ण प्यायल्याचं.

बाबा कसे आले, ते त्यानं सांगितलं. तो बेलफास्टहून चाळीस वर्षांपूर्वी इथं आलेला, धंद्यानं पाट्या रंगवणारा; पुढे छापील पाट्या आल्या आणि हातात एवढी एक भिंत उरली. त्या वर्षी तो शिडीवर झेंड्याचा निळा देत होता. खाली एक बुटका माणूस आला, पांढरा शर्ट, स्वेटर, मफलर. उजवा हात वर केला आणि काहीतरी म्हणाला. दोन शब्द. डर्मटनंही हात वर केला. मग तो माणूस हसत सुटला आणि तासभर हललाच नाही.

"जय भीम म्हणाले असतील," मैत्री म्हणाली.

"असेल. तो रोजच म्हणायचा. तिसऱ्या दिवसापासून मीही म्हणायला लागलो. काय असतं ते?"

मैत्रीनं शक्य तेवढं थोडक्यात सांगितलं. चौदा एप्रिल, चौकातली भिंत, आमचा झेंडा निळा. "रस्त्यावरून त्यांना लांबून निळा झेंडा दिसला. त्यांना वाटलं असणार, अमेरिकेत आपल्यातल्याच कुणीतरी भिंत रंगवलीय."

डर्मट इतका हसला की त्याला खोकला लागला. "आमच्यातल्या निम्म्यांना हा झेंडा ओळखता येत नाही. आणि हा चौदा हजार मैलांवरून येऊन ओळखतो, तोही चुकून!"

"आठ हजार."

"मला वाटलंच तू त्याची मुलगी आहेस. तोही असंच करायचा. माझं 'जी' अक्षर पाव इंच खाली गेलं म्हणून त्यानं मला फोटो काढून दाखवला. या लिपीतलं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं."

"म्हणूनच नीट काढता यायचं," मैत्री म्हणाली. "ते म्हणायचे, वाचता आलं की माणूस अक्षराकडे बघत नाही."

डर्मटनं हे मनात ठेवून घेतल्यासारखी मान हलवली. मग तो झेंड्याकडे बोट करून म्हणाला, निळा लूचाच. त्याचा स्वतःचा निळा लूनं नखावर लावून, वाळवून, उन्हात धरून पाहिला, आणि नाक मुरडलं. मग डब्यात काळ्याचे थेंब घातले, एक एक, मोजून. आणि चांदण्यांची तर वेगळीच गंमत. "मी त्याला सांगितलं, हा नांगर आहे. हातांनी करून दाखवला. त्यानं आभाळाकडे बोट केलं आणि इथं, या फुटपाथवर, मांडी घालून डोळे मिटून बसला. मला वाटलं चक्कर आली. मग सरकला, पुन्हा तसाच बसला. पुन्हा सरकला. सात वेळा! लोक थांबून बघायला लागले."

आता मैत्रीला हसू आवरेना. "आमच्याकडे त्या ताऱ्यांना सात ऋषी म्हणतात. साधू. डोळे मिटून बसलेले."

"हां! मग शेवटी उठला, सगळ्या साधूंना असं हातानं झटकून टाकलं आणि नांगर धरला. मला म्हणाला, 'गुड. व्हेरी गुड.'"

बाबा मराठीत काय म्हणाले असते ते मैत्रीला स्पष्ट ऐकू आलं: आपल्या आभाळात बसून खाणारे बसवले, यांनी बैल जुंपले. कोणी ऐकणारं नसतानाही ते हे मोठ्यानं म्हणाले असतील. तिनं कप खाली ठेवला. हसणं सरल्यावर ती जागा रिकामी झाली, आणि आता विचारलं नाही तर विचारणारच नाही, हे तिला कळलं.

"डर्मट, एके दिवशी त्यांना फोन आला होता. ते शिडीवर असताना."

"आला होता."

"तेव्हा किती चांदण्या झाल्या होत्या?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. प्रश्न साधा नाही, एवढं त्याच्या लक्षात आलं असावं. तो भिंतीशी गेला आणि काडी वर करून त्यानं दाखवलं. "ती एक. आणि तिच्याखालची. दोन. मी इथं खाली शिडी धरून होतो. वर कुणीतरी बाई त्याला झापत होती, ते मला भाषा न कळता कळलं. त्यानं फोन खिशात घातला, खाली वाकून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'डॉटर. पोलीस.' मला दोन वर्षं वाटत होतं तू पोलिसात आहेस."

"मग?"

"मग काय?"

"मग ते खाली उतरले."

"कोण, लू?" डर्मटला प्रश्नच कळला नाही. "छे. ब्रश तोंडात धरून वर चढला. चार चांदण्या केल्या त्यानंतर. जेवायलासुद्धा आला नाही. मी सँडविच बादलीत घालून वर पाठवलं."

मैत्रीनं फोन उघडला. दहावा फोटो: दोन चांदण्या, सकाळचे अकरा वीस. अकरावा: सहा चांदण्या, दुपारचे दोन. मधल्या वेळेत तिचा फोन आला होता, आणि तो आल्यावर बाबा "हो, उतरतो" म्हणाले होते, तिच्या आईला चाळीस वर्षं म्हणत आले तसंच. कांताबाई त्याला 'लहूचा हो' म्हणत. हो म्हणाला म्हणजे करणार नाही, असं धरून चालायचं. मैत्री त्या घरात वाढूनही हे विसरली होती. तिचा तो आवाज, ज्याचं ओझं ती चार महिने वागवत होती, बाबांच्या एका कानात गेला होता आणि सँडविचच्या आधीच दुसऱ्यातून निघाला होता.

"रडतेस?" डर्मटनं विचारलं.

"नाही न," ती मराठीत म्हणाली.

"आणि सातवी?" तिनं बाबांचा फोन पर्समध्ये ठेवत विचारलं.

"तेच मला तुला विचारायचंय! ती त्यानं नुसती आखली, ब्रश धुतला, आणि चांदणीकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग शिडीकडे. आणि बोट असं गोल फिरवलं. वर्षभरानं येतो. मला वाटलं दमला असेल. पुढच्या वर्षी कमिटी माझ्या मागे लागली, की डर्मट, सहा चांदण्यांचा नांगर कुठं असतो? मी म्हटलं, सातव्या चांदणीचा माणूस यायचाय. यंदा म्हणतात, सगळी भिंतच छापून आणू. मी म्हटलं, मला पुरल्यावर छापा. पण आता त्यांचंही खरं आहे. ईस्टर दोन आठवड्यांवर आलाय."

मग मैत्रीनं त्याला कोटाच्या बटणांची गोष्ट सांगितली. जुनं आधी भरायचं, उतरताना नवं रिकामं ठेवायचं. डर्मट टोपी मागे सारून ऐकत राहिला. धंद्यातली एक गोष्ट धंद्यातल्या माणसाला उशिरा कळल्यावर होतो तसा त्याचा चेहरा झाला, थोडा खट्टू.

"चोर साला," तो मायेनं म्हणाला. "पन्नास वर्षं भिंती रंगवल्या, मला हे सुचलं नाही." त्यानं डब्याचं झाकण काढलं. आत पांढरा होता. "चढ मग."

"मी?"

"बाकीची भिंत चोरून उजळली आणि परवा माझ्या मुलीनं पकडलं. म्हणते, आता शिडीला हात लावलात तर घरी येऊ नका. धरायची तेवढी परवानगी आहे. तिचं नाव मी पोलीस ठेवलंय."

"मला रंगवता येत नाही. मी फक्त शिडी धरायचे."

"मग शिडीचं तुला सगळं माहीत आहे. चांदणी दहा मिनिटांची आहे. ती भर, मग त्या डावीकडच्या टोकाच्या चांदणीला निळा मारू आणि रेघ आखून ठेवू. पुढच्या वर्षासाठी. कमिटीला काय सांगायचं ते मी बघतो."

मैत्रीनं पर्स खुर्चीवर ठेवली, बाह्या वर केल्या आणि डबा-ब्रश उचलला. शिडी अॅल्युमिनियमची होती, बाबांच्या बांबूच्या शिडीसारखी कुरकुरत नव्हती. त्यामुळे उगाचच जास्त भीती वाटली. सहाव्या पायरीवर तिनं खाली पाहिलं. डर्मटचे दोन्ही हात शिडीला घट्ट होते. तिथून त्याला तिच्या टाचा दिसत असणार, बाकी काही नाही.

वरून भिंत खरंच नुसत्या विटा होती. निळ्याचे जाड थर विटांच्या सांध्यांत बसलेले. आणि आखलेल्या चांदणीच्या आत, जिथं कुणी रंग दिला नव्हता, तिथं दोन वर्षांपूर्वीचा तो पहिला निळा तसाच होता, बाजूच्यापेक्षा किंचित फिकट. त्यात ब्रशचा एक केस चिकटून राहिला होता. बाबा असा केस दिसला की नखानं काढत आणि ब्रशवाल्याला शिव्या देत. हा त्यांच्या नजरेतून सुटला होता, किंवा ते घाईत होते. मैत्रीनं तो काढला नाही.

खिशात फोन वाजला, व्हिडिओ कॉल. धम्मदीप.

"ताई, कुठे आहेस? मी पोहे केलेत, थंड होतायत. आणि मागे एवढा ट्रॅफिकचा आवाज कसला?"

"भिंतीपाशी आहे."

"भेटलं का कुणी? आणि तू... एक मिनिट, तू शिडीवर आहेस? यार ताई! तुझं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे! बाबांना काय काय बोलली होतीस, आठवतंय ना? कुणी फोटो काढला तर? खाली उतर आधी."

"हो," मैत्री म्हणाली. "उतरते."

तिनं फोन खिशात टाकला, ब्रश डब्याच्या काठावर निथळून घेतला आणि चांदणीच्या वरच्या टोकाला टेकवला.